वचनाचा विश्वास आणि प्रार्थनेचे धैर्य

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळा लागला की नौका विसावतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाची तयारी होते. नौका समुद्रात गेली की घरी जी विनवणी चालते, तिच्यात मागणे एकच असते : गेलेला माणूस सुखरूप परत यावा. या मागण्यास जो हसेल, तो प्रार्थनेविषयी बोलण्यास अपात्र होय. परंतु एखादी नौका परतत नाही, आणि मग त्या घरातून प्रश्न उठतो की देवाचे वचन कोठे गेले? या प्रश्नास बगल देऊन विश्वासाचे विवेचन करता येणार नाही.

प्रथम वचन काय दिले आहे, हेच नीट पाहिले पाहिजे. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या ३१ व्या श्लोकात, आपल्या भक्ताचा नाश होत नाही अशी प्रतिज्ञा करावयास श्रीकृष्ण चक्रवर्ती अर्जुनाला सांगतात. अठराव्या अध्यायाच्या ६५ व्या श्लोकात मात्र ते स्वतःच प्रतिज्ञा करतात, आणि तिचा विषय असा की अर्जुन त्यांच्याप्रत येईल. पुढच्याच श्लोकात शोक न करण्याची आज्ञा आहे. शोकाचे कारण उरणार नाही, असे तेथे म्हटलेले नाही.

हे निरूपण युद्धारंभी झाले. त्याच युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. ज्याच्या रथावर साक्षात परमेश्वर सारथी, त्याचा पुत्र गेला! वचन जर पुत्राच्या आयुष्याचे असते, तर ते त्या दिवशी खोटे ठरले असते. ते तसे नव्हते, म्हणूनच अर्जुनाने पुत्रशोकातही श्रीकृष्णाचा आश्रय सोडला नाही. न दिलेल्या वचनावर रागावण्यात आपले अर्धे अविश्वास खर्च होतात.

ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न सांगितले आहेत. देवतांची फळे मर्यादित, भोगून सरणारी. मोक्ष देणारा एक परमेश्वरच. मग आर्ताने संकटात त्याला हाकच मारू नये काय? तसे नाही. सातव्या अध्यायात चतुर्विध भक्तांत आर्ताची गणना आहे, आणि ज्ञान्याचे श्रेष्ठत्व सांगूनही चौघांस उदार म्हटले आहे. मागावे, मात्र मागितलेले मिळाले की विश्वास आणि न मिळाले की अविश्वास, हा व्यवहार बाजारातला झाला.

असन्निधानाचा प्रसंग पंथाने स्वतः भोगला आहे. सुमारे शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. मागे राहिलेल्यांस पुनर्दर्शनाहून दुसरे काय हवे होते? ते दर्शन मिळाले नाही. हाती उरली ती आज्ञा. तिला धरून श्रीनागदेवाचार्य ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे श्रीप्रभूंचेही सन्निधान सरले. तेव्हा आचार्यांनी, प्रार्थना निष्फळ झाली असे मानून मार्ग मोडला नाही. स्मरणास अधिक बळ दिले. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या याच काळात. ज्याने पाहिले, ऐकले, त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारले. ज्यांना प्रत्यक्ष मूर्ती अंतरली होती, त्यांनी शब्द मात्र अंतरू दिला नाही.

येथे धैर्य या शब्दाचा अर्थ उलगडतो. अमुक घडेलच, असा हट्ट म्हणजे धैर्य नव्हे. ऐकणारा कोण आहे आणि त्याने काय कबूल केले आहे, हे ठाऊक असल्यामुळे जीव आडपडदा न ठेवता बोलतो. भीती असली तर भीती सांगतो, राग असला तर रागही. अनुतापाने बोललेला राग परमेश्वरास जड होत नाही.

कोकणातील वासनिकास ऋद्धिपूर दूर, गोदातीरीचे डोमेग्रामही दूर; सह्याद्री चढून जावे तेव्हा फलटणला श्रीचक्रपाणी प्रभूंचे स्थान भेटते. दर संकटात तेथवर जाणे कोणास शक्य आहे? वाऱ्याच्या रात्री घरातल्या बाईने परतीचे मागणे अवश्य मागावे आणि ते मागून झाल्यावर उठू नये. नाम घ्यावे, एखादी लीळा आठवावी, मूर्ती मनात आणावी. पहाटे बंदरातून कोणती वार्ता येईल, हे तिला तेव्हाही ठाऊक नसते.