हवानाचं दार किलकिलं होतं तेव्हा

मी फ्लोरिडात, टॅम्पाला राहतो. इथून हवाना विमानाने तासा-सव्वातासावर. माझा पुण्यातला मावसभाऊ जकात भरून आलेला क्युबन सिगार दुकानातून राजरोस घेतो आणि व्हिडिओ कॉलवर मुद्दाम माझ्या तोंडासमोर नाचवतो. मला मात्र तोच सिगार घरी आणता येत नाही. जन्म निपाणीचा असल्यामुळे तंबाखूच्या वखारी, पानाचा उग्र दर्प आणि भावावरून होणारी भांडणं मला नवी नाहीत. (धूम्रपान वाईट, हे आईने सांगून झालंय, डॉक्टरांनीही. ते मान्य करूनच पुढचं लिहितोय.) क्युबावरचे अमेरिकेचे निर्बंध मध्यंतरी काही वर्षं सैल झाले आणि परत आवळले गेले. त्या काळात जे पाहिलं, ऐकलं, ते इथे मांडतो. ‘आता बंदी उठणार बरं का’ असं कोणी डोळे लकाकवत सांगितलं, की मला हेच सगळं आठवतं.

१. सैल होणं वेगळं, उठणं वेगळं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी क्युबावर व्यापारबंदी लादली ती फेब्रुवारी १९६२ मध्ये. पुढे १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने ती पक्की झाली. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष प्रवाशाच्या बॅगेसारखे काही नियम सैल करू शकतात. बंदीच उठवायची तर अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेसच हवी. १७ डिसेंबर २०१४ ला ओबामा आणि क्युबाचे राऊल कास्त्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली, तेव्हा आमच्या सिगारच्या कट्ट्यावर जल्लोष झाला. जानेवारीत नियम आला: क्युबाहून येताना दारू आणि तंबाखू मिळून शंभर डॉलरचा माल. चांगल्या सिगारची एक अख्खी पेटीही त्यात बसायची नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वतःच्या वापरापुरती ती मर्यादाही गेली. सप्टेंबर २०२० मध्ये सगळंच बंद. म्हणून ‘निर्बंध शिथिल’ अशी बातमी दिसली, की मी आधी एवढंच बघतो: शिथिल कोणासाठी, बॅगेसाठी की कंटेनरसाठी?

२. साठा करणारा नेहमी एक दिवस पुढे असतो.

केनेडींची गोष्ट सिगारवाल्यांना पाठ असते. सहीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पिएर सॅलिंजर या आपल्या प्रसिद्धी सचिवाला सिगार गोळा करायला पाठवलं. सकाळी तो बाराशे ‘पेती उपमन’ सिगार घेऊन हजर झाला, आणि मग सही झाली. सॅलिंजरनेच पुढे हे लिहून ठेवलंय. लोक हसतात. पण बंदी लागताना असो वा उठताना, आतली खबर असलेल्याचं कपाट आधी भरतं. उद्या दार उघडलंच, तर पहिल्या सहा महिन्यांत जे सिगार येतील ते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हाती लागणार नाहीत. ते लिलावात दिसतील.

३. भाव ठरवतो तो सर्वांत श्रीमंत गिऱ्हाईक.

‘अमेरिका उघडली की क्युबन स्वस्त होतील’ हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, की आता वाद घालत नाही. २०२२ मध्ये काय झालं ते फक्त सांगतो. हबानोस ही क्युबन सिगार जगभर विकणारी कंपनी. निम्मी क्युबन सरकारची, निम्मी परदेशी गुंतवणूकदारांची. तिने कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडांचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेऊन ठेवले. युरोपातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला तोच सिगार एका फटक्यात दुपटीने महाग झाला. हे सगळं अमेरिकन गिऱ्हाईक बाजारात नसताना! अमेरिकेत गेल्या काही वर्षांत दरवर्षी चाळीस कोटींहून जास्त उंची सिगार आयात होताहेत, आणि क्युबा एवढा माल आणणार कुठून? हे गिऱ्हाईक रांगेत येऊन उभं राहिलं, तर लंडन, टोरंटो आणि पुण्यातल्या माणसाच्या खिशालाही त्याची झळ बसेल. मावसभावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मग तुमची बंदी राहू दे रे बाबा.” त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

४. पानाला घाई चालत नाही.

सिगारवाले ब्रँड, आकार आणि भावाबद्दल तासन्‌तास बोलतात. शेताबद्दल फारसे बोलत नाहीत. मला शेतापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

क्युबाचं सर्वांत नावाजलेलं पान पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्ता आबाहो या पट्ट्यात होतं. सान लुईस, सान हुआन इ मार्तिनेझ ही तिथली गावं. जमीन तांबडी, वालुकामय, आणि मुख्य म्हणजे मोजकी. शरदात लावणी, जानेवारीपासून तोडणी. सिगारच्या बाहेरच्या आवरणाचं पान पांढऱ्या विरळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ऊन गाळून येतं आणि पान पातळ, तलम राहतं. निपाणीची विडीची तंबाखू उन्हात वाळते. तिथलं पान लाकडी कोठारात दांड्यांना टांगून सावलीत जवळजवळ दोन महिने वाळवतात. मग गंजी रचून ते मुरवतात. गंजी आतून तापते, अमोनिया सुटतो, नाकात झणका बसतो. शेंड्याचं जाड, कडक पान, त्याला लिखेरो म्हणतात, ते तर निदान दोन वर्षं गासडीत पडून राहतं. म्हणजे काँग्रेसने आज कायदा केला, तरी त्यासाठी मुद्दाम लावलेल्या पिकाचा पूर्ण बांध्याचा सिगार हाती यायला तीन वर्षं तरी जाणार.

त्यात निसर्गही आहे. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस इयान वादळ थेट पिनार देल रिओवरून गेलं आणि वाळवणीची हजारो कोठारं आडवी झाली. उभारायला लाकूड नाही, खत नाही, वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही. हाताने काम करणारी तरुण माणसं देश सोडून चालली आहेत, त्यांत सिगार वळणारेही आहेत.

घाई केली की काय होतं, हे क्युबाने एकदा करून दाखवलंय. १९९० च्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली आणि तिचे तरंग जगभर गेले. शतकाच्या शेवटी क्युबाने उत्पादन झपाट्याने वाढवायला घेतलं. नवशिक्या हातांनी गच्च वळलेले सिगार बाहेर पडले. १९९९-२००० च्या पेट्यांतले कित्येक सिगार ओढले तरी धूर यायचा नाही. पुढे कारखान्यांत ओढ तपासायची यंत्रं बसली, तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं. जुने शौकीन त्या काळातली पेटी दिसली की अजून नाक मुरडतात. अमेरिकेचं दार उघडल्यावर येणारी मागणी त्या वेळच्या मागणीपेक्षा लहान नसेल. म्हणून माझा नेम ठरलेला आहे: उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा माल घ्यायचा नाही. पेटीच्या तळाशी कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. ते वाचायला आत्तापासून शिकून ठेवा.

५. नाव एक, मालक दोन.

सप्टेंबर १९६० मध्ये फिडेल कास्त्रोंच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. मालक घराणी देश सोडून गेली, काहींनी ब्रँडची नावं बरोबर नेली. त्यामुळे आज पार्तागास, मॉन्टेक्रिस्टो, रोमिओ इ हुलिएता ही नावं जगात क्युबाची आणि अमेरिकेत दुसऱ्याच कंपन्यांची. तो माल डॉमिनिकन रिपब्लिक किंवा होंडुरासमध्ये वळला जातो. बंदी उठली तरी हबानोसला अमेरिकन दुकानात ‘मॉन्टेक्रिस्टो’ लिहून पेटी ठेवता येईलच असं नाही.

कोहिबाचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. ती क्रांतीनंतर, कास्त्रोंसाठी वळल्या जाणाऱ्या सिगारमधून जन्मली, म्हणजे कोणाकडून हिसकावलेली नाही. पण अमेरिकेत ते नाव जनरल सिगार कंपनीने नोंदवून ठेवलं होतं. १९९७ पासून क्युबा आणि या कंपनीचं भांडण सुरू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये इथल्या ट्रेडमार्क मंडळाने जनरल सिगारची नोंदणी रद्द ठरवली, तरी वाद तिथेही थांबला नाही. वकिलांची मुलं यावर शिकून मोठी झाली असतील.

६. “माझा भाऊ कारखान्यात आहे.”

हे वाक्य हवानाच्या रस्त्यावर दर कोपऱ्यावर भेटतं. त्याची जोड म्हणजे “आज सहकारी सोसायटीचा दिवस, फक्त आजच स्वस्त.” सोसायटीचा असा दिवस नसतो. भावाने चोरून आणलेले म्हणून मिळतात ते बहुतेक केळीच्या पानाने आणि कारखान्यातल्या भुश्श्याने भरलेले असतात. डिसेंबर २०१६ मध्ये टॅम्पाहून हवानाला नियमित विमानसेवा सुरू झाली आणि आमच्या ओळखीतले बरेच जण अशा पेट्या मिरवत परतले. कोहिबाच्या पट्टीवरच्या पांढऱ्या चौकटींच्या ओळी वाकड्या असणं, पेटीचं झाकण काचेचं असणं, सगळे सिगार एका रंगाचे नसणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचं बघायची गरज नाही. दार जितकं जास्त उघडेल तितका हा धंदा वाढेल, कारण नवखं गिऱ्हाईक वाढेल. अधिकृत दुकानात घ्या, पावती जपून ठेवा. यापलीकडे यात शहाणपणा नाही.

७. बंदीने दुसरीकडे मळे उभे केले.

निर्बंध नसते तर निकाराग्वातलं एस्तेली गाव सिगारवाल्यांना ठाऊक झालं असतं का? मला शंका आहे. क्युबातून बाहेर पडलेल्या लोकांनी बी आणि कसब बरोबर नेलं, नव्या मातीत लावलं. त्यांतले होसे ऑर्लांदो पाद्रोन मला फार मोठे वाटतात. १९६४ मध्ये मायामीत सुरुवात केली, १९७० मध्ये निकाराग्वात गेले. १९७८ मध्ये तिथल्या बंडाळीत कारखाना जळाला. त्याच सुमाराला क्युबातल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी कास्त्रोंना भेटलेल्या शिष्टमंडळात ते होते. कास्त्रोंच्या हाती पाद्रोनचा सिगार, असा फोटो छापून आला आणि मायामीतल्या संतापलेल्या निर्वासितांपैकी काहींनी त्यांच्या जागेवर बॉम्ब टाकले. एका सिगारपायी! मायामीत ‘क्युबन सिगार’ हे शब्द सहज उच्चारू नयेत, हे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला मी सांगतो. समोरच्याच्या घरातलं कोण तुरुंगात होतं, कोणाची जमीन गेली, आपल्याला माहीत नसतं.

पुढे मे १९८५ मध्ये रेगननी निकाराग्वावरही निर्बंध घातले. ते १९९० मध्ये उठले. उठले म्हणून दुसऱ्या दिवशी एस्तेली बहरलं नाही. मळे, कोठारं, कामगार सगळं पुन्हा जमवावं लागलं; आज ते जगातल्या अव्वल पानांमध्ये गणलं जातं, ते काही दशकांच्या कामानंतर. क्युबाचा अंदाज बांधायचा तर हे उदाहरण सर्वांत जवळचं आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

८. शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते विचारा.

१९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या गावचा असल्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. व्हुएल्ता आबाहोतले बरेचसे शेतकरी छोटे, खासगी. पण पीक जवळजवळ सगळं सरकारलाच, सरकारने ठरवलेल्या भावाने घालायचं. हाँगकाँगमध्ये सिगारचा भाव दुप्पट झाला म्हणून सान लुईसच्या शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट होत नाही. निर्बंध उठावेत असं मला वाटतं, कारण त्यांचा जाच सामान्य क्युबन माणसाला होतो. पण निर्बंध उठले की पैसा आपोआप शेतापर्यंत झिरपतो, यावर माझा विश्वास नाही. निपाणीतल्या कोणाचाच बसणार नाही.

९. पेटीपेक्षा गासडी महत्त्वाची.

टॅम्पाला ‘सिगार सिटी’ म्हणतात ते यबोर सिटी या वस्तीमुळे. १८८५ च्या सुमाराला विसेंते मार्तिनेझ-यबोर यांनी ती वसवली. क्युबातून जहाजाने पान यायचं आणि इथे वळलं जायचं. निव्वळ क्युबन पानाच्या त्या सिगारला ‘क्लिअर हवाना’ म्हणत. सिगारेट, यंत्रं आणि मंदी यांनी ते कारखाने आधीच खिळखिळे केले होते. १९६२ नंतर पानच बंद झालं आणि बहुतेकांना टाळं लागलं.

तिथे एक म्हातारा क्युबन वळणारा अजून एका दुकानाच्या खिडकीत बसतो. ‘बंदी उठली तर?’ असं मी विचारलं, तर तो हातातली सुरी खाली न ठेवता म्हणाला, “पेट्या येवोत न येवोत. गासडी येऊ दे.” मला पटलं. एस्तेलीच्या दणकट पानाभोवती व्हुएल्ता आबाहोचं तलम आवरण, असा सिगार गेल्या साठ वर्षांत अमेरिकेत कोणाला कायदेशीर विकता आलेला नाही. शौकिनांना खरोखर नवं काही मिळणार असेल तर ते या मिश्रणातून, जुन्याच पेट्यांवर जास्त डॉलर मोजून नव्हे. पण गासडीच्या वाटेत इकडे हेल्म्स-बर्टन आहे. आणि तिकडे, आपलं उत्तम पान परक्या ब्रँडच्या पट्टीखाली विकायला हवाना राजी होईल का, याचं उत्तर हबानोसला आजवर द्यावंच लागलेलं नाही.