खिशातला जुना चाकू : निवड, वापर आणि निगा



घडीचा जुना चाकू हे कापण्याचे अवजार आहे आणि कापण्यापुरतेच ते मजबूत असते. बाजारात येणाऱ्या जुन्या चाकूंवर मोडलेले टोक, डुगडुगणारे पाते, घासून घासून निम्मे उरलेले पोलाद असे दोष दिसतात. त्यांतले बहुतेक दोष चाकूकडून भलतीच कामे करून घेतल्यामुळे किंवा चुकीच्या साफसफाईमुळे आलेले असतात. म्हणून असा चाकू रोज खिशात बाळगू पाहणाऱ्याने त्याची रचना, त्याचे पोलाद आणि त्याबाबतचा कायदा या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराचे चाकू यासाठी सोयीचे उदाहरण ठरतात. ते अजून बऱ्यापैकी मिळतात, त्यांच्यावरचे ठसे वाचता येतात आणि त्यांची घडण साधी असते.

या चाकूंपैकी बहुतेकांना कुलूप नसते. पात्याचे बूड चौकोनी घडवलेले असते आणि मुठीच्या पाठीला बसवलेली पोलादी स्प्रिंग त्या बुडावर सतत दाबून राहते. पाते पुरते उघडले किंवा पुरते मिटले की बुडाची सपाट बाजू स्प्रिंगवर बसते आणि पाते स्थिर होते. मधल्या टप्प्यात बुडाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो. उघडताना शेवटी येणारा ‘टक्’ असा आवाज स्प्रिंग जागेवर परत बसल्याचा असतो. कापताना धारेवर येणारा दाब पाते आणखी उघडण्याच्या दिशेने असतो, त्यामुळे कापण्याच्या कामात ते हलत नाही. उलट, पात्याच्या पाठीवर दाब आला, टोकाने भोक पाडायचा प्रयत्न झाला किंवा चिरेत अडकलेले पाते हिसडा देऊन ओढले, तर ते बोटांवर मिटते. वापराचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात.

शेफिल्डमध्ये चाकू-सुऱ्यांचा धंदा मध्ययुगापासूनचा. तिथल्या कारागिरांची ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशर’ ही संस्था १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. कारागिरांचे ठसे नोंदवणे हे तिचे एक मुख्य काम. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. त्यातून मिळालेले एकजिनसी कार्बन पोलाद पुढे शेफिल्डच्या नावलौकिकाचा पाया ठरले. या पोलादाला अतिशय बारीक धार येते आणि ती साध्या दगडावर लावता येते. मात्र ते गंजते. न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्येच १९१३ साली तयार केले. त्यामुळे पात्यावर ‘स्टेनलेस’ असे कोरलेले असेल तर तो चाकू त्यानंतरचाच समजावा.

चाकूचे वय ठरवताना पात्याच्या बुडाशी असलेला ठसा भिंगाखाली पाहावा. जोसेफ रॉजर्स या पेढीचे चिन्ह तारा आणि माल्टीज क्रूस. जॉर्ज वोस्टनहोमचे ‘आय एक्स एल’. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर चाकू बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातला. अमेरिकेने १८९० साली आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून ठशात ‘इंग्लंड’ हा शब्द दिसला तर चाकू साधारणपणे १८९१ नंतरचा धरतात. लष्करी चाकूंवर रुंद बाणाची खूण आणि पुष्कळदा सालही असते. सर्वांत नेमकी तारीख मिळते ती चांदीच्या पात्याच्या फळचाकूवर. त्यावर शुद्धतेसाठी सिंह, शेफिल्डसाठी मुकुट आणि वर्षासाठी एक अक्षर असे शिक्के असतात. तक्त्यात ते अक्षर शोधले की साल कळते. ही पाती चांदीची करण्याचे कारण व्यवहारी होते. आंबट फळाने कार्बन पोलाद काळे पडते आणि फळालाही लोखंडाची चव लागते.

रोजच्या वापरासाठी चाकू निवडताना नावापेक्षा स्थिती पाहावी. पाते उघडून वरखाली आणि आजूबाजूला हलवून बघावे. किंचित हालचाल चालते, लटपट चालत नाही. पाते मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडाले पाहिजे. वर डोकावणारे टोक खिसा फाडते आणि बोटही. पात्याची मूळ रुंदी बुडाशी कळते. तिथून टोकाकडे पाते एकदम निमुळते झाले असेल तर ते धार लावण्यात झिजलेले आहे. स्प्रिंगला तडा आहे का, हे मुठीच्या पाठीकडून पाहावे. जुन्या शेफिल्ड चाकूची प्रत्येक स्प्रिंग कारागिराने कानशीने घासून त्या एका चाकूलाच बसवलेली असते. दुसऱ्या चाकूची स्प्रिंग तिथे बसत नाही आणि नवी घडवून घ्यावी लागते. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) यांच्यासारखे संपूर्ण चाकू एकहाती बनवणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. म्हणून स्प्रिंग मोडलेला चाकू स्वस्त मिळाला तरी वापरासाठी घेऊ नये. आरशासारखा चकचकीत केलेला जुना चाकूही टाळावा, कारण त्या चकाकीबरोबर पोलादाचा थर आणि ठशाच्या रेषा गेलेल्या असतात.

दोन पात्यांचा चाकू रोजच्या कामाला सर्वांत सोयीचा. लहान पाते पूर्वी पिसाची लेखणी तासण्यासाठी असे. बोरूची लेखणी करणाऱ्यालाही तसेच पाते लागते. हे पाते कागद, पेन्सिल आणि सुताच्या गाठींसाठी राखून ठेवावे, मोठे पाते फळे, दोरी आणि खोक्यांसाठी वापरावे. टोक नसलेले, सरळ धारेचे पाते दोरी कापायला उत्तम. जहाजावरचे लोक ते पसंत करत, कारण हिंदकळत्या जहाजावर ते कुणाला टोचत नाही.

पेरू, चिकू, काकडी, पार्सलची चिकटपट्टी, पोत्याची सुतळी, फुलांचे देठ ही या चाकूची कामे. सुपारी अडकित्त्याने फोडावी, शहाळे आणि ऊस कोयत्याने. रंगाच्या डब्याचे झाकण उचकटणे, स्क्रू फिरवणे, तारेवरचे आवरण खरवडणे, भिंतीतला खिळा उपसणे ही कामे जुन्या पात्याला कधीही सांगू नयेत. कडक पोलाद पिळले की वाकत नाही, मोडते. कापताना हालचाल अंगापासून दूर असावी आणि धरलेला हात धारेच्या वाटेत नसावा. दुसऱ्याला चाकू द्यायचा तर मिटूनच द्यावा.

उघडताना अंगठ्याचे नख पात्यावरच्या खाचेत घालून सावकाश उघडावे. फार कडक चाकूवर नखाचा जोर करू नये. सांध्यात तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवावा आणि लाकडाच्या पातळ चिपेने पाते उचलावे. मिटवताना मुठीच्या खाचेतून बोटे बाजूला घेऊन पात्याची पाठ तळव्याने दाबावी. पाते फटकन सोडले तर काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि तिथे बारीक खाच पडते. खिशात नाणी आणि किल्ल्या यांच्याबरोबर चाकू ठेवू नये. त्यांनी मूठ ओरबाडली जाते. खिशातले तंतू सांध्यात साठतात आणि ओल धरून ठेवतात, म्हणून आठवड्यातून एकदा दातकोरणीने ते काढावेत.

कार्बन पोलादाचा रंग बदलणार हे गृहीत धरावे. लिंबू किंवा कैरी कापून पाते तसेच ठेवले की काही मिनिटांतच त्यावर करडे-निळे डाग उमटतात. पुढे महिनोन्‌महिने फळे कापली की सगळे पाते गडद राखाडी होते. हा थर निरुपद्रवी असून गंज काहीसा लांब ठेवतो, त्यामुळे तो घासून काढू नये. तांबूस, भुकटीसारखा दिसणारा गंज मात्र वेगळा. तो पोलादात खड्डे पाडतो. त्यावर तेल सोडून तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा जाड कापडाने तो हळूहळू काढावा. काचकागद वापरू नये. चाकू पाण्यात बुडवून ठेवू नये आणि भांड्यांबरोबर घासू नये. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. चिकटपट्टीचा डिंक थोड्या तेलाने निघतो.

तेलाच्या बाबतीत घरात असेल ते वापरण्याची सवय नडते. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते आणि सांधा जाम करते. खाण्याची इतर तेलेही कालांतराने खवट आणि चिकट होतात. सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. ज्या पात्याने खायचे कापायचे, त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने पाते दर दोन-चार दिवसांनी पुसावे. चामड्याच्या म्यानात चाकू बाळगता येतो, पण साठवू नये. चामडे ओल धरते, कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पोलाद गंजते आणि पितळेवर हिरवे किटण चढते.

धार लावण्यासाठी बारीक कणाचा सपाट निसणा पुरतो. पाते दगडाशी १५ ते २० अंशांचा कोन करून धरावे आणि बुडापासून टोकापर्यंत सारख्या दाबाने फिरवावे. एका बाजूने पुरेसे घासले की धारेच्या दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवेल अशी बारीक कड येते. ती आली की बाजू बदलावी, शेवटी दाब कमी करत जावे आणि चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून कड मोडावी. कागदाचा तुकडा हातात धरून न फाटता कापला गेला की काम झाले. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर जुने पाते देऊ नये. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, आणि पोलाद निळे पडले की तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलेले असते. तेवढ्या भागाचे पाणी उतरते आणि तो भाग झिजून जाईपर्यंत धार टिकत नाही.

मुठीचे साहित्य पारखणेही गरजेचे. हाड, शिंग, शिसवीसारखे लाकूड, शिंपला आणि सेल्युलॉइड हे नेहमीचे प्रकार. जुने सेल्युलॉइड काही वेळा आतून विघटित होते. त्यातून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफांनी जवळच्या पात्यांवर गंज चढतो, आणि ते चटकन पेटही घेते. असे चाकू उघड्या हवेत, इतरांपासून वेगळे ठेवावेत. खरबरीत सालीसारखी दिसणारी मूठ पुष्कळदा सांबराच्या शिंगाची असते. ही शिंगे ब्रिटिश काळात भारतातूनच शेफिल्डला जात. आज भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे सांबराचे शिंग आणि हस्तिदंत यांच्या वस्तूंचा व्यापार बेकायदा आहे. त्यामुळे इथल्या बाजारात अशा मुठीचा चाकू विकत घेणे कटाक्षाने टाळावे.

बाळगण्याचा कायदा जागेप्रमाणे बदलतो. भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्याच्या कक्षेत येणारी धारदार शस्त्रे म्हणजे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूप आत येतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुरे व इजा करता येईल अशा वस्तू बाळगण्यास बंदी असते. अशा दिवसांत चाकू घरी ठेवावा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला, कुलूप नसलेला घडीचा चाकू सबळ कारण न देताही बाळगता येतो. कुलपाच्या चाकूला ही सवलत नाही. बटण दाबताच उघडणारे चाकू तिथे १९५९ पासून बंद आहेत. विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही, तो चेक-इन सामानात गुंडाळून टाकावा. शाळा, न्यायालय आणि मेट्रो इथे तो नेऊच नये. कायद्यात बसणारा लहान चाकूही भांडणात बाहेर काढला की गुन्ह्याचे हत्यार ठरतो. म्हणून कापायचे काही असेल तेव्हाच तो खिशातून काढावा आणि काम होताच पुसून, मिटून परत ठेवावा.