गिअर नको म्हणतेस, पण फ्रीव्हीलचं काय?

अगं मनू, फोटो पाहिला. पांढऱ्या रिम, पिवळी चेन, सडपातळ फ्रेम आणि अख्ख्या सायकलवर एक वायर दिसेल तर शपथ. देखणी आहे, वादच नाही. पण वायर नाही म्हणजे ब्रेकही नाहीत, हे लक्षात आलंय का तुझ्या? म्हणून तर ‘ताई, हीच घेऊ ना?’ याला मी लगेच हो म्हणत नाहीये.

आधी मला एक सांग. तुला गिअर नकोत, की पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हीलही नकोय? फोटोत या दोन्ही सायकली सारख्याच दिसतात, लांबून ओळखूही येत नाहीत. पण एक घेणाऱ्याला डोक्याला कटकट नको असते आणि दुसरी घेणाऱ्याला मुद्दाम जास्तीचं काम हवं असतं. तू यातली कोण, एवढं ठरलं की बाकीचं सोपं आहे.

कटकट नको असणाऱ्यांचं आधी बोलू, कारण ते आपल्या घरातलंच आहे. बाबांची काळी सायकल आठवते ना, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईचे ब्रेक असलेली? पुढे एक दातेरी चकती, मागे एक, झालं. हीच सिंगल स्पीड. दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून तसल्याच सायकलीवर गावभर फिरले आणि मुंबईचे डबेवाले तिच्यावरच डबे पोचवत आले. कारण साधं आहे. तिच्यात बिघडायला फारसं काही नाही, आणि बिघडलंच तर कुठल्याही कोपऱ्यावरचा पंक्चरवाला एका पान्यात दुरुस्त करून देतो. गिअरच्या सायकलला मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा तो डिरेल्युअर लोंबत असतो. पार्किंगमध्ये कुणी तिला उजव्या अंगावर पाडलं की त्याचा हँगर वाकतो, मग चेन एका चकतीवर नीट बसत नाही आणि दुसरीवरून उतरते. पावसाळ्यात चिखल त्या छोट्या चक्र्यांमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच. सिंगल स्पीडची चेन सरळ रेषेत धावते, जरा रुंद असते, स्वस्त मिळते आणि बिचारी खूप दिवस टिकते. शिवाय गिअरचा खर्च वाचतो, त्यामुळे तेवढ्याच पैशांत फ्रेम आणि चाकं बरी मिळू शकतात. आणि खरं सुख डोक्याला. चढ आला की कुठला गिअर टाकू हा प्रश्नच नाही. सीटवरून उठायचं आणि पॅडल मारायचं. उतार आला की पाय थांबवायचे, फ्रीव्हील टिकटिक करत राहतं, तू वारा खात जा.

आता फिक्स्ड गिअर. यात फ्रीव्हीलच नसतं. मागची चकती चाकाच्या हबवर थेट आवळलेली असते, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. आजीचं पायाचं शिलाई मशीन तू चालवायचीस ना? चाकाने एकदा वेग घेतला की पायटाच तुझा पाय ढकलायचा, आणि थांबवायचं तर पायानेच दाबून धरावं लागायचं. अगदी तसं. उतारावर पाय मोकळे सोडायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पॅडलला पायाने मागे रेटायचं.

मग असली शिक्षा कुणी विकत का घेतं, असं तू विचारशील. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण चालवून पाहिलंस की कळेल, पायाखालचं पॅडल फेरीच्या वरच्या टोकाला अडखळत नाही, चाकाचा वेगच त्याला पुढे नेतो. लहानशा चढावर ते मदत केल्यासारखं वाटतं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक जरा सुटलं तर ते आधी पायाला समजतं. सिग्नलला पाय न टेकता, पॅडल किंचित पुढे-मागे करत जागच्या जागी उभं राहता येतं, आणि ते एकदा जमलं की माणूस विनाकारण सिग्नल शोधायला लागतो. सगळ्यात मोठं म्हणजे लक्ष. आळस करता येत नाही, म्हणून शंभर पावलं पुढचं बघायची सवय लागते. पायाची फिरत सुधारते तीही यामुळेच. युरोपातले कितीतरी रस्त्यावरचे रेसर एके काळी हिवाळाभर फिक्स्डवर सराव करायचे, पाय गोल आणि एकसारखा फिरावा म्हणून.

शर्यतींचा इतिहास बघितलास तर गिअरलाच नावं ठेवणारे भेटतील. टूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज हा गिअरच्या इतका विरोधात होता की १९०३ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत डिरेल्युअर वापरायला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तोवर हे रेसर काय करायचे, तर हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या लावायचे. घाट लागला की पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं आणि पुढे निघायचं. आल्प्समध्ये, गारठलेल्या बोटांनी. ही दोन तोंडांच्या हबची युक्ती नीट लक्षात ठेव, तुझ्यासाठी ती पुढे कामाला येणार आहे.

आणि बिनब्रेकचं प्रकरण आलं ते ट्रॅकवरून. व्हेलोड्रोमच्या त्या बशीसारख्या कललेल्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने, एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात. तिथे कुणी एकाने करकचून ब्रेक मारला तर मागचे पाच जण त्याच्यावर पडतील, म्हणून ब्रेक नसणंच तिथे सुरक्षित. जपानची केइरिन शर्यत अशाच सायकलींवर चालते, १९४८ पासून, आणि लोक त्यावर रीतसर पैज लावतात. आपल्या बालेवाडीलाही व्हेलोड्रोम आहे. कधी तिथला सराव बघायला मिळाला तर नक्की बघ, म्हणजे ही सायकल कशासाठी जन्माला आली ते डोळ्यांना कळेल.

तिथून ती रस्त्यावर आणली न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या पोरांनी ही सवय सोबत आणली असं सांगतात. दिवसभर पाकिटं पोचवायची, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गिअर गंजायचे, आणि बाहेर उभी केलेल्या सायकलचा सुटा भाग कुणी काढून नेला तर त्या दिवसाची कमाई गेली. ज्या सायकलला सुटे भागच कमी, ती त्यांना परवडली. त्यांच्यातलाच एक नेल्सन व्हेल्स १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ट्रॅक स्प्रिंटचं रौप्यपदक घेऊन आला. पुढे २००० नंतर ही सायकल शहरातल्या तरुणांची फॅशन झाली, रंगीत रिम आल्या, आणि तिथूनच तुझा फोटोही आला. या भागावर मी जास्त बोलत नाही. रंगाला माझी ना नाही.

ब्रेकला मात्र आहे, आणि इथे तू माझं ऐकायचं. पायाने रेटून थांबता येतं हे खरं, पण थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? ते घसरत जातं. थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. आणि चेन तुटली किंवा उतरली तर बिनब्रेकच्या सायकलला थांबवायला काहीच उरत नाही. ब्रिटनमध्ये फिक्स्ड गिअरच्या सायकललाही रस्त्यावर पुढचा ब्रेक असावाच लागतो. २०१६ मध्ये लंडनला अशा पुढच्या ब्रेकशिवायच्या सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक बाई गेली, आणि पुढच्या वर्षी त्या तरुणाला शिक्षा झाली. पुण्यात तर सिग्नल सुटायच्या आत उलट्या बाजूने स्कूटर येते. तुला दोन्ही ब्रेक हवेत, पुढचा आणि मागचा.

आता जरा हिशोब करू, कारण दुकानात तुला दात्यांची संख्या विचारतील आणि तू ‘चालेल काहीही’ म्हणशील. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असले की पॅडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. कोथरूडहून डेक्कनला जायला आणि पूल चढायला हे बरं. मागे १६ घेतलेस तर सपाटीवर मजा येईल, पण भर दुपारी चढावर मला फोन करशील. आता हेच ४४-१८ फिक्स्डवर लाव. ताशी ३० किलोमीटरला तुझे पाय मिनिटाला सत्त्याण्णव फेऱ्या मारतील, ४० ला एकशे तीस. चांदणी चौकाच्या उतारावर ४० सहज होतात, तेव्हा तुझे गुडघे आणि तू बघून घ्या. सिंहगडाच्या घाटाचं तर नावच काढू नकोस.

आणखी एक गोष्ट, जी परदेशातले व्हिडिओ सांगत नाहीत: आपले स्पीडब्रेकर. फ्रीव्हील असेल तर दोन्ही पॅडल समांतर ठेवून, जरा उठून, उंचवटा पार करता येतो. फिक्स्डवर पॅडल फिरतच राहतं, त्यामुळे नेमकं उंचवट्यावर ते खाली येऊन घासू शकतं. वळणावर सायकल कलली की तेच. म्हणून ट्रॅक सायकलींना क्रँक आखूड असतात. १६५ मिलिमीटरचे मिळाले तर ते घे. आणि पॅडलला पट्टे हवेतच, नाहीतर पाय सुटला की फिरतं पॅडल पोटरीवर बसतं.

ओढणीचं मुद्दाम सांगते. फ्रीव्हीलवाल्या सायकलच्या चेनमध्ये ओढणी गेली तर पाय थांबवला की चेन थांबते. फिक्स्डमध्ये चाक तिला आत ओढत राहतं. सलवारचा घोळ, बुटाची नाडी, सगळ्याला हाच नियम. आणि स्टँडवर चाक फिरवत ठेवून चेन पुसायची नाही. बोट चेन आणि चकतीच्या मध्ये सापडलं तर जायला क्षण पुरतो. चाक पूर्ण थांबवायचं, मग फडकं लावायचं.

तर माझं म्हणणं असं. तुला ऑफिसला वेळेत, घामाघूम न होता, दुरुस्तीच्या दुकानात न बसता पोचायचंय, हे मला माहीत आहे. म्हणजे तू सिंगल स्पीडवाली. पण तुझ्या डोळ्यांत मला ती दुसरीही दिसते, म्हणून ते दोन तोंडांचं हब. एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड. पहिले काही महिने फ्रीव्हीलवर चालव. मग एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चाक उलटं कर आणि बघ आवडतं का. नाही आवडलं तर परत फिरव, कुणाला कळणारही नाही.

घेताना फिक्स्डच्या बाजूला चकतीबाहेर लॉकरिंग आहे का ते बघ. तिचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचे, म्हणून पाय मागे रेटला तरी चकती सुटत नाही. काही स्वस्त सायकलींत ती नुसती नावाला असते. चेन फार ताणलेली नको आणि लोंबतीही नको, बोटाने मधोमध वरखाली केल्यावर साधारण सेंटीमीटरभर हलली पाहिजे. मागचे नट बहुतेक १५ नंबरच्या पान्याचे असतात, तो पाना सॅकमध्ये कायम असू दे, नाहीतर पंक्चर झालं की चाकच काढता येणार नाही.

रविवारी मी येते, सोबत जाऊ दुकानात. दुकानदाराला म्हणायचं, मागचं चाक काढ, उलटं करून बसव आणि चेन नीट ताणून दाखव. त्याला जमलं नाही तर दुसरं दुकान बघू.