खेळ, धंदा आणि वयाची अट

जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं व्यायाम मिळावा, एवढाच त्यांचा हेतु होता. व्यायामशाळेंत जन्मलेला हा खेळ पुढें तेथें मोठ्या द्रव्यलाभाचा धंदा झाला. साहजिकच प्रश्न उभा राहिला कीं, मुलानें कोणत्या वयापासून खेळाचें वेतन घ्यावें?

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या धंदेवाईक संघांच्या मंडळाचा पूर्वीं असा दंडक होता कीं, हायस्कूल सोडून चार वर्षें लोटल्यावांचून कोणासहि संघांत घेऊं नये. स्पेन्सर हेवूड हा मिसिसिपी प्रांतांत कापूस वेंचणाऱ्या गरीब मातेचा मुलगा. १९७० सालीं त्यानें ती मुदत संपण्यापूर्वींच सिअ‍ॅटलच्या संघाशीं करार केला व मंडळाविरुद्ध दावा लावला. १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति डग्लस यांनीं त्यास खेळूं देण्याचा हुकूम पुन्हां लागू केला. नंतर तडजोड झाली आणि जुना दंडक सैल पडला.

पुढें १९९५ सालीं केव्हिन गार्नेट, १९९६ सालीं कोबी ब्रायंट व २००३ सालीं लेब्रॉन जेम्स हे हायस्कुलांतून थेट धंदेवाईक संघांत गेले व जगप्रसिद्ध झाले. परंतु २००२ सालीं याच वाटेनें निघालेल्या लेनी कुकला एकाहि संघानें निवडलें नाहीं. त्या मंडळाच्या सामन्यांत तो कधींच उतरला नाहीं, आणि महाविद्यालयाच्या संघांतूनहि खेळला नाहीं. यशस्वी झालेल्यांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात. मागें राहिलेल्यांची आठवण कोणी काढीत नाहीं.

२००५ सालच्या करारानें नवी अट घातली. निवडीच्या वर्षांत खेळाडूस १९ वर्षें पुरीं झालीं पाहिजेत, आणि अमेरिकेंतील खेळाडूच्या बाबतींत त्याच्या वर्गाचें हायस्कूल संपून एक वर्ष लोटलें पाहिजे. २०२३ च्या करारांतहि ती कायम राहिली. महाविद्यालयांत गेलेंच पाहिजे, असें मात्र ही अट म्हणत नाहीं. पंजाबांतील सतनाम सिंग यास २०१५ सालीं डॅलसच्या संघानें निवडलें, तेव्हां तो १९ वर्षांचा होता व महाविद्यालयांत गेलेला नव्हता. या निवडींत नांव आलेला भारतांत जन्मलेला तो पहिलाच खेळाडू होय.

ही अट कोणाच्या हिताची? अपरिपक्व मुलांना जपण्यासाठीं ती आहे, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात. विरोधक उत्तर देतात कीं, १८ व्या वर्षीं जो मत देऊं शकतो व सैन्यांत जाऊं शकतो, त्यास स्वतःच्या कौशल्यावर पोट भरण्याची बंदी कां? शिवाय हा सरकारी कायदा नव्हे. संघांचे मालक व खेळाडूंची संघटना यांच्यांतील तो करार आहे. ज्या मुलांस तो बांधतो, तीं त्या संघटनेचीं सभासदहि झालेलीं नसतात. मालकांचाहि यांत लाभ आहे, कारण आणखी एक वर्ष खेळ पाहिल्यावर निवड चुकण्याचा धोका कमी होतो.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण नियम केवळ वर्षें मोजतो. मुलाची तयारी तो मोजूं शकत नाहीं. ती पारखण्याचें काम मुलाचें स्वतःचें, त्याच्या पालकांचें व शिक्षकांचें आहे. खेळांत नांव काढूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें अवश्य झटावें. परंतु निवड न झाल्यास उद्यां काय करावयाचें, याचें उत्तर आधीं सिद्ध ठेवावें आणि मगच पुस्तक मिटावें.