मुलांच्या माथी टाकू नका

पालकहो, मुलांची शाळा, शिक्षण, लग्नं सगळं तुम्ही निगुतीनं पार पाडलंत. फ्लॅटचं नॉमिनेशन झालं, मृत्युपत्रही कपाटात आहे. घरात बोलणं होत नाही ते एकाच गोष्टीवर: आजार हाताबाहेर गेला, आपल्याला बोलताही येईनासं झालं, तर डॉक्टरांनी कुठवर जावं? विषय निघाला की मुलगी म्हणते, ‘आई, असलं अभद्र बोलू नकोस.’ आणि तुम्हीही ‘चालता-बोलता जावं, एवढंच देवाकडे मागणं’ म्हणून मोकळे होता.

ते मागणं सगळ्यांचंच असतं. देवानं ऐकलं नाही तर मात्र प्रश्न मुलाच्या पुढ्यात येतो. आयसीयूच्या दाराशी रात्री दोन वाजता त्याच्या हातात फॉर्म असतो. व्हेंटिलेटर लावायचा का, डॉक्टरांना लगेच उत्तर हवं असतं. परदेशातली बहीण फोनवर रडत ‘जे शक्य असेल ते करा’ म्हणते. काका म्हणतात, ‘पैशाकडे बघू नकोस.’ बाबांना काय हवं होतं, हे कुणालाच ठाऊक नसतं. कारण बाबांनी सांगितलेलंच नसतं. तो सही करतो. पुढे कित्येक वर्षं ती सही त्याला छळते. ‘नको’ म्हटलं असतं, तरी छळलंच असतं.

अरुणा शानबाग आठवतात ना? मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका. 1973 साली त्यांच्यावर हल्ला झाला आणि 2015 मध्ये त्या गेल्या. मधली बेचाळीस वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. पत्रकार पिंकी विराणी त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्या परिचारिकांनी त्यांना मायेनं सांभाळलं, त्यांनी ठाम विरोध केला. 2011 मध्ये न्यायालयानं विराणींची मागणी फेटाळली. मला दोन्ही बाजूंची तळमळ खरी वाटते. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच विचारता येत नव्हतं.

आज तुम्हाला ते सांगून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची किचकट रीत सोपी केली. अठरा वर्षांवरील, मानसिकदृष्ट्या सक्षम असलेली कुणीही व्यक्ती ते करू शकते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे लागतात. बरं होण्याची आशा उरली नाही आणि तुम्हाला स्वतः निर्णय घेता येत नाही, तेव्हाच ते लागू होतं. तेही घरच्यांच्या एका शब्दावर नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. मत बदललं तर ते लेखी रद्द करता येतं.

इंजेक्शन देऊन जीव घेणं यात नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणंही नाही. वेदना कमी करणारी औषधं, धाप लागू नये म्हणून काळजी, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं हे शेवटपर्यंत चालूच राहतं. उलट थकलेल्या देहावर छाती दाबण्याचा उपचार करताना बरगड्या मोडू शकतात, हे कुणी आधी सांगत नाही. म्हणून आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे बसून नीट विचारा: नाकातली नळी, डायलिसिस, व्हेंटिलेटर यांनी माझ्या वयात, माझ्या आजारात काय साधेल?

आता सर्वांत अवघड भाग. तुमच्या वतीनं बोलणाऱ्या, एका किंवा अधिक माणसांची नावं त्या कागदावर घालायची असतात. थोरला मुलगा म्हणून त्याचं नाव आपोआप लिहू नका. जीव लावणारा आणि ‘आता पुरे’ म्हणू शकणारा, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. नातेवाइकांच्या गराड्यात शांत राहून तुमचा शब्द पाळेल असं कोण आहे? कदाचित धाकटी लेक असेल, कदाचित सून. ज्याचं नाव घातलं नाही, त्याला कारण तुम्हीच सांगा: ‘तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तुला हे सोसणार नाही म्हणून.’

आणि परदेशातल्या लेकराला विसरू नका. विमानातून उतरून थेट रुग्णालयात आलेलं मूलच बहुधा ठरलेलं सगळं उलटवू पाहतं, कारण त्याला आपण लांब राहिल्याचं दुःख असतं. कागदाची प्रत त्याला पाठवा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर, नातवंडांशी बोलून झालं की, त्याला एकट्याला थांबवून घ्या. तो ‘नंतर बोलू’ म्हणेल. फोन ठेवू देऊ नका.