सेंद्रिय मुगाचा कट्टा परवडतो का?

मोड आणायच्या कडधान्याचा भाव दुकानदार किलोवर सांगतो, पण आपण हिशेब मोड आल्यावर करावा. एक किलो मूग किंवा मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली, बोटभर नव्हे तर उसळीपुरते जेमतेम मोड येऊ दिले, की वजन दोन किलोच्या थोडे वर जाते. म्हणजे समजा पुड्यातली सेंद्रिय मटकी २४० रुपये किलो असेल, तर मोड आलेली मटकी घरात पडते १२० रुपयांना. भाजीवाल्याकडे दोनशे ग्रॅमची साधी मोडाची पिशवी तीस रुपयांना मिळत असेल, तर तिचा किलोचा भाव होतो १५०. आपल्या पेठेतले आकडे घालून बघा. उत्तर फारसे बदलणार नाही. सेंद्रिय महाग आहेच, पण तयार मोड त्याहून महाग पडतात.

आता प्रश्न पुड्यातल्या कोरड्या किलोच्या २४० चे दीडशे कसे करायचे हा.

त्यासाठी शेतकऱ्याच्या हातात काय पडते ते पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मुगाचा हमीभाव होता क्विंटलला ८,७६८ रुपये, म्हणजे किलोला ८८ रुपयांच्या आतच. बाजारात अनेकदा तेवढाही मिळत नाही. सेंद्रिय मूग पिकवणाऱ्याला तुम्ही हमीभावाच्या दीडपट दिले, तरी होतात १३१-१३२ रुपये. त्यावर चाळणी, बारदान, हमाली आणि वाहतूक मिळून पंधरा-अठरा रुपये धरा. दीडशेच्या आत माल घरात येतो, शेतकऱ्याला बाजारापेक्षा बरे पैसे मिळतात, आणि दोनशेच्या पुढचा चकचकीत पुडा टळतो. मटकी, कुळीथ आणि वाल यांना हमीभावच नसतो. तिथे बाजार समितीतला त्या आठवड्याचा भाव विचारून त्यावर किती चढवायचे ते ठरवावे.

मात्र सगळ्याच कडधान्यांसाठी सेंद्रियचा जादा भाव मोजावा, असे मला वाटत नाही. मुगासाठी जरूर मोजावा. मध्य प्रदेशात उन्हाळी मूग मोठ्या प्रमाणावर होतो, आणि पावसाआधी पीक लवकर वाळून कापणीला यावे म्हणून उभ्या पिकावर तणनाशक फवारण्याची पद्धत तिथे पडली आहे. २०२५ मध्ये यावरून तिथल्या सरकारी खरेदीचाच वाद झाला होता. अख्खा मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातूनही भरपूर येतो, त्यामुळे तो कुठला आहे हे विचारून घ्यावे. उलट मटकी हे कोरडवाहू, हलक्या रानातले पीक; देशातली बहुतेक मटकी राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यात होते. कुळीथही तसाच काटक. कोकणातले कडवे वाल भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतात. या पिकांवर फवारणीला पैसे घालायला मुळात कोणी फारसा तयार नसतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून ती विनाप्रमाणपत्र घेतली तरी चालतील. अल्फाल्फा आणि ब्रोकोलीच्या ‘स्प्राउटिंग सीड्स’च्या इवल्याशा पाकिटांचा भाव किलोवर काढून बघा, मग मेथी आणि मूग आपोआप आवडू लागतील.

प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, म्हणजे अपेडा या सरकारी संस्थेच्या देखरेखीखालची त्रयस्थ संस्थेची तपासणी. ती खर्चिक असते आणि पुड्याच्या किमतीत तो खर्च येतोच. दुसरी पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. यात ‘पीजीएस-ग्रीन’ असेल तर शेत अजून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे, आणि ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असेल तर तो काळ पूर्ण झाला आहे, असे समजावे. दुकानातल्या सेंद्रिय पुड्यावर ‘जैविक भारत’ची खूण शोधा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला नियमांत सूट आहे, म्हणून त्याच्याकडे खूण नसली की तो खोटारडा ठरत नाही. त्याला साधे प्रश्न विचारा: आधीचे पीक कोणते होते, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी काय फवारले, साठवणीत काय घातले? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. ‘बियाणे’ म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारा मूग खाण्यासाठी कधीही आणू नये. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बहुधा गुलाबी, लाल किंवा निळसर रंगासह. धुतल्याने ते जात नाही. आपल्याला हवे असते खाण्याचे अख्खे कडधान्य, ज्याची उगवणशक्ती शाबूत आहे.

ती कशी ओळखायची? कट्टा घेण्याआधी पावभर नमुना मागवा. कुठूनही मूठभर उचलून, न निवडता शंभर दाणे मोजा, आठ-दहा तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दीड दिवस ठेवा आणि मोड आलेले मोजा. नव्वदच्या वर असतील तर माल उत्तम. ऐंशीच्या खाली असेल तर स्वस्त असूनही सोडा. हिशेब असा: दोनशे रुपयांचा मूग सत्तर टक्केच उगवला, तर उगवलेल्या किलोला २८६ रुपये पडले; २३० रुपयांचा पंचाण्णव टक्के उगवला, तर २४२ च पडले. शिवाय न भिजलेले गणंग दाताखाली येतात ते वेगळेच. ज्याला नमुना द्यायला जड जाते, त्याच्याकडून कट्टा घेऊ नये.

खरेदीची वेळ साधली तर घासाघीस करावी लागत नाही. खरिपाचा मूग साधारण गणपतीनंतर बाजारात येऊ लागतो, मटकी दसरा-दिवाळीच्या सुमारास, वाल, हरभरा आणि मसूर होळीच्या आगेमागे. आवक जोरात असते तेव्हा भाव नरम असतो आणि माल ताजा असतो. फक्त कापणीत पावसात सापडलेला मूग टाळावा. त्याला बाजारात डागी म्हणतात आणि तो खूप स्वस्त मिळतो. पण त्यातले बरेच दाणे शेतातच फुगून गेलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, जिल्ह्याजिल्ह्यांत भरणारे धान्य महोत्सव, पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईतले महालक्ष्मी सरस ही ओळख करून घ्यायची ठिकाणे. तिथे एक किलो घ्यावा, फोन नंबर घ्यावा, आणि आवडला तर पुढचा माल थेट गावाहून मागवावा. पुण्याचा भुसार बाजार किंवा वाशीचे दाणाबंदर साध्या मालासाठी ठीक. सेंद्रिय म्हणून तिथे सुट्या पोत्यातून घेणे मला पटत नाही, कारण पोत्याचा माग लागत नाही.

जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या कडधान्यावर पाच टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर तो नाही आणि पंचवीसच्या वरच्या कट्ट्यावरही नाही. १८० रुपये भावाच्या तीस किलोंवर २७० रुपये वाचतात. वाहतूक त्यातून निघू शकते.

पण तीस किलो मूग एका घराने घ्यायचा नाही. चार माणसांच्या घरात आठवड्यातून दोनदा उसळ, दर वेळी कोरडे दोनशे ग्रॅम, असे धरले तर वर्षाला सगळी कडधान्ये मिळून २१ किलोच्या आसपास लागतात. चार प्रकार खाल्ले तर प्रत्येकी पाच किलो. सहा घरांनी मिळून एक कट्टा घ्यावा. वाटणीला एकच वजनकाटा ठेवावा, आणि पैसे आधी गोळा करावेत, नाहीतर सोसायटीतल्या शेजारधर्माची कसोटी लागते.

साठवणुकीकडे दुर्लक्ष झाले तर घाऊकची सगळी बचत भुंगेरे खातात. १५० च्या भावाने वीस किलो घेतले आणि पाच किलोला भोके पडली, तर उरलेल्याचा भाव दोनशे झाला. भुंगेऱ्याची अंडी अनेकदा शेतातूनच दाण्यावर आलेली असतात, आणि सेंद्रिय मालावर धुरी दिलेली नसते. म्हणून माल आला की दोन-तीन कडक उन्हे दाखवा, दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. पाच किलोचाच मामला असेल तर घट्ट बंद पिशव्या आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवणे सर्वांत खात्रीचे. कोरड्या दाण्याच्या उगवणीला त्याने धक्का लागत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दव धरते. चाळलेली राख हा जुना उपायही चालतो. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह नकोच, मोडच मरतात. आणि सल्फासची गोळी घरातल्या डब्यात कोणी कितीही आग्रह केला तरी घालू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणसे मेली आहेत.

‘सेंद्रिय’ म्हणजे कच्चे खायला निर्धोक, असेही समजू नये. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतुसंसर्गात पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्या मोडांचे उत्पादन एका सेंद्रिय शेतावरच झाले होते. उसळ शिजवून खाण्याची आपली पद्धत बरी आहे.

पहिल्या वर्षी एकाच शेतकऱ्याकडून फक्त मूग घ्या, घरटी पाच किलो. तो पुढच्या गणपतीपर्यंत न किडता आणि नव्वदच्या वर उगवत टिकला, तरच मटकी आणि वालाची ऑर्डर द्या.