राखणीच्या कुत्र्याला काय खाऊ घालावे?



गाई-म्हशींच्या वैरणीचा आणि पेंडीचा आपण हिशेब ठेवतो. वस्तीवर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र उरलेसुरले येते. त्यातच सल्ले देणारे अनेक. कोणी म्हणतो, कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याला मांसच हवे. कोणी म्हणतो, मांसाने कुत्रे पिसाळते, भाकरी-दूधच बरे. दुकानदार सांगतो, पुड्यातील खाद्याशिवाय काही देऊ नका. शेजारी सांगतो, मिठाने केस झडतात. अशा वेळी काय करावे?

सल्ल्यांचे प्रथम दोन भाग करावेत. काही सल्ले चुकले तरी आठ-पंधरा दिवसांत सुधारता येतात. काही चुकले तर सुधारायला संधी मिळत नाही. पहिल्या प्रकारचे सल्ले करून पाहण्यास हरकत नाही; दुसऱ्या प्रकारचे मुळीच करून पाहू नयेत.

भाकरी की मांस?

माणसाबरोबर हजारो वर्षे राहिल्याने कुत्र्याला शिजवलेले धान्य चांगले पचते. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या पाचकरसाचे जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक प्रतींत असते, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून भाकरी वाईट नाही. पण नुसत्या भाकरीत प्रथिने व चुना कमी पडतो. नुसत्या मांसातही चुना फारच कमी असतो. केवळ मांसावर वाढविलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, हाडे ठिसूळ होतात. तेव्हा भाकरी हवी आणि तिच्या जोडीला प्रथिनेही हवीत.

पिसाळणे हा रेबीजच्या विषाणूमुळे होणारा रोग आहे. त्याचा मांस खाण्याशी संबंध नाही. बेताच्या मिठाने केस झडत नाहीत. गोचिडी, पिसवा किंवा खरूज आहे का, ते आधी पाहावे. दूध पिल्लांना मानवते, पण काही मोठ्या कुत्र्यांना त्याने हगवण लागते. अशांना ताक देऊन पाहावे. पुड्यातील खाद्य परवडत असल्यास चालते. मात्र ते संपूर्ण आहार आहे व कुत्र्याच्या वयाला योग्य आहे, असे पुड्यावर छापलेले असावे. त्यावर आणखी चुना देऊ नये.

२० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याचा दिवसाचा आहार

१) ज्वारी, बाजरी किंवा नाचणीचे पीठ २०० ग्रॅम (भाकरी करून)
२) तूर किंवा मूग डाळ ५० ग्रॅम, मऊ शिजवून
३) उकडलेली अंडी २, किंवा शिजवलेले बिनहाडाचे मांस वा मासळी सुमारे १०० ग्रॅम
४) गोडे तेल १ चमचा
५) उकळून, वाळवून, बारीक कुटलेली अंड्याची टरफले अर्धा चमचा

यातून सुमारे १,००० किलोकॅलरी मिळतात. हा आहार दोन वेळांत विभागून द्यावा. पाणी कायम समोर असावे. लहान पिल्लांना दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. त्यांच्या चुन्याचे प्रमाण पशुवैद्यकाला विचारून ठरवावे, कारण जास्त चुनाही अपाय करतो.

हे करून पाहू नये

कांदा-लसूण घातलेला रस्सा भाकरीवर ओतून देण्याची आपल्याकडे सवय आहे. कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डाळ-मांस फोडणीपूर्वीच बाजूला काढावे. नाशिक-सांगलीकडील बागायतदारांनी विशेष लक्षात ठेवावे की, द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. हे आम्ल चिंचेतही असल्याने आंबट आमटी देऊ नये. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात व आतड्यात रुततात.

सर्वांत मोठा धोका जत्रेच्या दिवशी असतो. बोकड कापला की फोपसा व काळजाचा टाकाऊ भाग कुत्र्यापुढे फेकला जातो. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असल्यास त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. कुत्रे धडधाकट दिसते. पण त्याच्या विष्ठेतून कृमींची अंडी गवतावर, भाजीवर, पाण्यात व त्याच्या अंगावरील केसांत जातात. तेथून ती शेळ्या-मेंढ्यांच्या आणि आपल्या मुलाबाळांच्या पोटात पोहोचतात. माणसाच्या काळजात किंवा फुफ्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढीचे डोके कच्चे खाऊ घातल्यानेही अशाच एका पट्टकृमीचा प्रसार होतो. मग मेंढ्यांच्या मेंदूत गाठ होऊन त्या एकाच जागी गोल फिरू लागतात.

म्हणून गाठी असलेले अवयव जाळावेत किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतके खोल पुरावेत. इतर अवयव द्यायचेच असल्यास तुकडे करून निदान अर्धा तास उकळावेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलयुक्त जंतनाशक ठरावीक अंतराने द्यावे. औषधाने कृमी मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत; म्हणून नंतरची विष्ठा गोळा करून पुरावी. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांनी हात साबणाने धुवावेत.

आहार लागू पडला का?

आहारात एका वेळी एकच बदल करावा, तोही सात दिवसांत हळूहळू. बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या बोटांना सहज लागाव्यात, पण डोळ्यांना उठून दिसू नयेत. कारवानी कुत्रे मुळातच सडपातळ असते. त्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तरी ते उपाशी आहे असे समजू नये. विष्ठा बांधीव, केस तुळतुळीत आणि वजन महिनाभर स्थिर असेल तर आहार योग्य आहे. वजन उतरत असल्यास आहार थोडा वाढवावा, चरबी चढत असल्यास कमी करावा.

शेजाऱ्याचा सल्ला ऐकून घ्यावा, पण निर्णय आपल्या कुत्र्याची तब्येत पाहून घ्यावा. कच्च्या फोपशाच्या बाबतीत मात्र कोणाचेही ऐकू नये. तेथे प्रश्न केवळ कुत्र्याचा नसून घरातील मुलांचा आहे.